अंगणातल्या फरशीखाली

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून तुमच्यातल्या काहीजणी नाक मुरडतील. मुरडा, पण पान उलटू नका. कारण ज्या गोष्टीवर मी लिहिणार आहे ती तुमच्या-माझ्या प्रत्येकीच्या घरी आहे आणि तिच्याविषयी आपण चारचौघींत कधी बोलत नाही. ती म्हणजे संडासाची टाकी, सेप्टिक टँक.

आपल्याला घरातल्या प्रत्येक डब्याची खबर असते. तूरडाळ किती उरली, गॅसचा सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, सगळं तोंडपाठ. पण संडासाची टाकी नेमकी कुठे आहे, केवढी आहे, शेवटची केव्हा उपसली, असं विचारलं तर बहुतेकजणी म्हणतील, "ते यांना माहीत." आणि 'यांना' विचारावं तर ते म्हणतात, "ते बाबांना माहीत." आमच्या घरी तर बाबांना जाऊनच सहा वर्षं झाली होती!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. पुढे अंगण, मागे परस, चार खोल्या. गौरी यायला तीन दिवस होते. दोन्ही जावा मुलाबाळांसह आलेल्या, घरात अकरा माणसं. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सकाळी धाकटी जाऊ हळूच कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, संडासातलं पाणी खाली जात नाहीये." मी दोन बादल्या ओतल्या, तर पाणी खाली जायचं सोडून गुडगुड आवाज करत वरच आलं. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "गौरी दारात आणि घरात हे!"

प्लंबर आला. त्याने मागचं चेंबर उघडलं, डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, पाइप चांगला आहे. टाकीच भरलीय. केव्हा उपसली होती?"

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. घर बांधलं २००८ साली. त्यानंतर टाकीवरची फरशी उचलल्याचं कोणालाच आठवेना. तिच्यावर मी तुळशीच्या आणि गुलाबाच्या कुंड्या मांडल्या होत्या!

नगरपालिकेत फोन केला, तर मैला उपसणारी गाडी दुसऱ्या दिवशी मिळेल म्हणाले. ह्यांना धीर निघेना. कोणीतरी सांगितलं, दोन माणसं आहेत, बादलीने तासाभरात टाकी रिकामी करून देतात, पैसेही कमी घेतात. मलाही, खरं सांगते, हायसंच वाटलं. सण होता, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. माणसं कोण, ती टाकीत कशी उतरणार, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. सासूबाईंनी त्यांच्या चहासाठी कान तुटलेले दोन कप वेगळे काढून ठेवले. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही.

अकराच्या सुमारास दोघे आले. एक पन्नाशीचा, एक विशीतला. बादल्या, दोर, पहार. मोठ्याने फरशी सरकवली आणि धाकट्याने शर्ट काढून कमरेला दोर बांधायला घेतला. मी चहा घेऊन मागे गेले. त्याने वर पाहिलं आणि एकदम ओशाळून म्हणाला, "बाई, हे तुमचं घर?"

माझ्याच वर्गातला मुलगा. मी आमच्या शाळेत आठवी-नववीला अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. हा तिसऱ्या बाकावर बसायचा. अक्षर फार सुंदर. फळ्यावरचा सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायची.

माझ्या हातातला ट्रे थरथरला. मी म्हटलं, "तू उतरू नकोस. कोणीच उतरायचं नाही. फरशी परत लावा."

मोठा माणूस वैतागला. "ताई, आमचं रोजचंच काम आहे." हे म्हणाले, "अगं, ते करताहेत ना?" मुलगा खाली मान घालून एवढंच म्हणाला, "बाई, मग आजचा रोज?"

ठरलेले पैसे मी दोघांना दिले. ती रात्र आम्ही अकरा माणसांनी शेजारच्या काकूंच्या संडासावर काढली. काकूंचे उपकार जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. जाड नळी टाकीत सोडली, यंत्र सुरू झालं आणि अर्ध्या-पाऊण तासात, एकाही माणसाने आत पाय न टाकता, टाकी रिकामी झाली. गौरी वेळेवर आल्या.

पण माझ्या डोक्यातून तो मुलगा जाईना. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या टाकीत काय असतं, तुला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. तेच तुम्हाला सांगते.

टाकीत काय चालतं?

आपण घरी विरजण लावतो ना, तसंच काहीसं या टाकीत चालू असतं. संडासातून आलेला मैला टाकीत साधारण एक-दोन दिवस स्थिर राहतो. जड भाग तळाला बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग दुधावर साय धरावी तसा वर तरंगतो. मधलं पाणी तेवढं पुढे सरकतं आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. तिथून ते जमिनीत मुरतं. तळाच्या गाळाला हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात आणि त्याचा आकार कमी करतात. हेच आपलं विरजण.

पण सगळाच गाळ काही कुजून जात नाही. दर महिन्याला थोडा थोडा साठत जातो. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग व्यापला की उपसायची वेळ झाली असं समजावं. नेहमीच्या घरी ही वेळ दोन-तीन वर्षांनी येते. तेव्हा उपसलं नाही, तर मैला बसायला जागाच राहत नाही. तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि तिथल्या मातीची छिद्रं बुजवतो. मग टाकी उपसूनही भागत नाही, शोषखड्डाच नव्याने करावा लागतो. आमचं तेच झालं. गाडीच्या पावतीच्या कितीतरी पट पैसे त्या खड्ड्याला गेले.

टाकी केवढी असावी, यालाही प्रमाण आहे. भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला, दर दोन वर्षांनी उपसायची असेल तर, लांबी दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी लागते. त्यावर हवेसाठी मोकळी जागा वेगळी. आमच्याकडे एरवी माणसं पाच, सणाला अकरा, आणि टाकी मात्र सोळा-सतरा वर्षं न उपसलेली. तिचा काय दोष?

"आमची टाकी कधी भरतच नाही!"

असं अभिमानाने सांगणारे तुम्हालाही भेटले असतील. मैत्रिणींनो, जी टाकी वीस वर्षांत भरत नाही तिचा तळच बांधलेला नसतो, किंवा तिचा पाइप सरळ गटारात सोडलेला असतो. म्हणजे घाण गेली, पण गेली कुठे? जमिनीतून शेजारच्या विहिरीत, बोअरिंगमध्ये, नाहीतर गल्लीतल्या उघड्या गटारात, जिथे आपलीच मुलं चेंडू काढायला हात घालतात. हगवण, कावीळ, विषमज्वर या दुखण्यांची वाट ही अशी असते.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं, तरी त्यात रोगजंतू असतातच. म्हणून शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट, आणि राहत्या घरापासून ६ मीटर, म्हणजे वीस फूट तरी लांब असावा. घर बांधत असाल तर मिस्त्रीवर सोडू नका. ओट्याची उंची जशी आपण उभं राहून ठरवतो, तशी ही जागाही टेप घेऊन मोजून घ्या. आमच्यासारखी काळी माती असेल तर आणखीच काळजी हवी. तिच्यात पाणी लवकर मुरत नाही आणि पावसाळ्यात तर ती आधीच भिजून तट्ट झालेली असते. म्हणून टाक्या तुंबतात त्या नेमक्या श्रावण-भाद्रपदात, सणासुदीला! उपसायचं काम उन्हाळ्यात उरकून घेणं केव्हाही बरं.

माणूस आत का उतरायचा नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ते कुजणारं विरजण वायू सोडतं. त्यात मिथेन असतो, तो पेट घेतो. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतला वायू जमवून त्यावर इंजिन चालवलं होतं, इतका तो जळाऊ आहे. म्हणून उघड्या टाकीजवळ काडी, उदबत्ती, विडी काही नेऊ नये. दुसरा वायू हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण जास्त असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. "वास येत नाही, म्हणजे आत गॅस नाही" असं समजून माणूस उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम मोकळा होतो, त्यामुळे वरून ठीक वाटलेली टाकीही घात करते.

एक माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत बाप-लेक, भाऊ-भाऊ गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. कंदील सोडून पाहायची जुनी रीतही धोक्याची आहे. मिथेन असला तर भडका उडेल, आणि विषारी वायू असला तरी कंदील जळत राहू शकतो. तुमच्या डोळ्यांदेखत कोणी आत पडलं तर काळीज घट्ट करून एकच करायचं. स्वतः उतरायचं नाही, कोणाला उतरू द्यायचं नाही. वरून दोराने ओढता आलं तर ओढायचं आणि ताबडतोब १०१ किंवा ११२ नंबरला फोन करून अग्निशमन दल बोलवायचं.

कायदाही काय म्हणतो ते ऐका. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये असं जिवावरचं सफाईकाम करायला माणसाला लावणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा नगरपालिकेला लागू आहे आणि तुम्हा-आम्हा घरमालकांनाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. पण गेलेल्या मुलाची भरपाई कोणत्या आईला पुरेल?

मी इतिहासाच्या तासाला मुलांना अप्पासाहेब पटवर्धनांविषयी सांगते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं म्हणून ते अडून बसले, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपास केला. वर्गात हे सांगताना माझा गळा भरून येतो. आणि घरी? घरी कान तुटलेले कप वेगळे निघाले, तेव्हा मी गप्प होते. तो मुलगा माझ्या वर्गातला नसता, तर मी त्याला थांबवलं असतं का? मनाला विचारते तेव्हा उत्तर 'हो' असं येत नाही. म्हणून तर हे लिहायला बसले.

आपल्या हातातलं

टाकी नीट राहावी म्हणून फार काही करावं लागत नाही. आम्ही चुकून शिकलो, तुम्ही न चुकता शिका.

संडासात मैला, पाणी आणि संडास धुण्यापुरता साबण, एवढंच जावं. महिन्याचे पॅड, बाळाचे डायपर, कापूस, केसांचे गुंतवळ, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, यांतलं काहीही कुजत नाही. पाहुण्या बायकांना संकोच वाटू नये म्हणून संडासात झाकणाचा छोटा डबा आणि कागदाच्या पिशव्या ठेवा. सांगावंही लागत नाही. आमच्या टाकीतून निघालेलं पाहून मला लाज वाटली, पण डबा कुठे ठेवला होता मी?

अ‍ॅसिड आणि कडक फिनेल रोज ओतू नका. भांडं चकचकीत होतं खरं, पण पुढे जाऊन ते आपल्या विरजणाचा जीव घेतं. आठवड्यातून एकदा-दोनदा थोडी साबणाची पूड आणि ब्रश पुरतो. बाजारात टाकीत टाकायच्या पुड्या मिळतात. 'ही टाका, उपसावं लागणार नाही' यावर भुलू नका. चालू टाकीत जिवाणू असतातच, आणि साठलेला गाळ कोणत्याही पुडीने नाहीसा होत नाही.

स्वयंपाकघराचं आणि धुण्याचं पाणी टाकीत सोडू नका. आम्ही कपडे धुण्याच्या यंत्राचा पाइप सोय म्हणून त्याच चेंबरला जोडला होता. इतकं पाणी एकदम आलं की मैला तळाला बसायच्या आत पुढे ढकलला जातो. आता आमचं ते पाणी परसात केळी आणि कर्दळीला जातं. भांड्यांचं तेल-तूप आधी कागदाने पुसून घ्यावं. पागोळ्यांचं पाणीही शोषखड्ड्यापासून दूर काढा.

टाकीवर जड गाडी उभी करू नका, जवळ मोठं झाड लावू नका. मुळं भिंत फोडतात. झाकणाची फरशी तडकली असेल तर आजच बदला. कुजकी फरशी आणि खेळणारी मुलं, पुढचं बोलायला नको. वायूचा पाइप घराच्या छपराच्या वर गेलेला हवा आणि त्याच्या तोंडाला डासांची जाळी हवी.

गाडी आली की तिथे उभ्या राहा. मुलांना आत ठेवा. झाकण उघडल्यावर लगेच डोकावू नका, वायू निघून जाऊ द्या. माणसांना हातमोजे, बूट आहेत ना ते पाहा. टाकी धुऊन लख्ख करायचा आग्रह धरू नका, तळाला थोडा गाळ विरजणासाठी राहू द्यावा. आणि उपसलेला मैला कुठे नेऊन टाकणार, हे जरूर विचारा. आपली घाण गावाबाहेरच्या ओढ्यात गेली, तर ती कोणाच्या तरी घागरीत परत येणार.

माझी नणंद वाईला असते. तिथल्या नगरपालिकेने २०१८ साली योजना सुरू केली. टाकी तुंबायची वाट न पाहता पाळीपाळीने प्रत्येक घरची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची, आणि तो मैला शुद्धीकरणाच्या केंद्रात न्यायचा. तिकडे सिन्नरलाही असंच केलं. नणंदेकडे गाडी आपणहून दारात आली तेव्हा तिला आधी वाटलं, पत्ताच चुकला! आपल्या गावात असं का होऊ नये? भिशीच्या, हळदीकुंकवाच्या बैठकीत एवढा विषय काढा आणि दहाजणींच्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेत द्या. आमच्या गल्लीतून आम्ही चौदाजणींनी दिला आहे. उत्तर अजून यायचं आहे, आम्ही दर महिन्याला जाऊन विचारतो.

तो मुलगा आता मैला उपसणाऱ्या एका गाडीवर मदतनीस आहे. परवा बाजारात भेटला. मी विचारलं, "मोजे, बूट देतात ना रे?" तर म्हणाला, "मोजे मिळाले बाई. बूट मागितलेत." पुढच्या खेपेला भेटला की पुन्हा विचारणार आहे.

आणि आमच्या फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. टाकी कुठे आहे त्याचा कच्चा नकाशा, लांबी-रुंदी, गाडीचा फोन नंबर आणि उपसल्याची तारीख. खाली पुढची तारीख, येता वैशाख. त्या दिवशी गाडीवरच्या माणसांना चहा द्यायचा आहे. कप आपले नेहमीचेच, असं सासूबाईंनी स्वतःहून सांगून ठेवलं आहे.